कक्षेतलं शूटिंग: तीन आसनं, बारा दिवस आणि कॅमेऱ्यामागे एकच माणूस

५ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून २५ मिनिटांनी कझाकस्तानातल्या बायकोनूरहून सोयुझ एमएस-१९ हे यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघालं. आतल्या तिघांपैकी पेशाने अंतराळवीर असलेला एकच होता, कमांडर अंतोन श्काप्लेरोव. त्याच्या दोन बाजूंना अभिनेत्री युलिया पेरेसिल्ड आणि दिग्दर्शक क्लिम शिपेंको बसले होते. हे दोघे बारा दिवसांनी परतले ते सुमारे ३० तासांचं चित्रीकरण घेऊन. त्यातला जवळपास ५० मिनिटांचा भाग ‘विझव’ म्हणजे ‘आव्हान’ या चित्रपटात वापरला गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये तो रशियात पडद्यावर आला. रशियन अंतराळसंस्था रोसकॉसमॉस आणि तिथली चॅनल वन ही वाहिनी यांचा हा संयुक्त प्रकल्प होता.

कक्षेत कॅमेरा चालवणं तसं नवं नव्हतं. १९८० च्या दशकात सल्यूत-७ स्थानकावर खुद्द अंतराळवीरांनी एका सोव्हिएत कथापटासाठी काही दृश्यं टिपली होती. पण व्यावसायिक नटी आणि दिग्दर्शक वर पाठवून पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा मोठा भाग तिथेच चित्रित करणं याआधी झालं नव्हतं.

या शूटिंगबद्दल वाचताना बहुतेकांचं लक्ष अभिनयाकडे आणि कॅमेऱ्याकडे जातं. खरी गुंतागुंत मात्र यानाच्या वेळापत्रकात आहे. शूटिंगला बाराच दिवस का मिळाले, दोनच माणसं का गेली, आणि त्यांच्या जाण्याची किंमत कोणी मोजली, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

बारा दिवस कुठून आले?

सोयुझचे तीन भाग असतात. पुढे गोलाकार कक्षा-कक्ष, मध्ये घंटेच्या आकाराची परतीची कुपी आणि मागे इंजिन, इंधन व सौरपंखे असलेला सेवा-कक्ष. जमिनीवर परत येते ती फक्त मधली कुपी. वातावरणात शिरताना तिला योग्य दिशेला वळवून ठेवणारे छोटे थ्रस्टर हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात. हे रसायन टाकीत नुसतं पडून असलं तरी हळूहळू विघटित होत राहतं आणि कालांतराने त्याचा जोर कमी होतो. म्हणून त्या काळी एक सोयुझ साधारण २०० दिवसांपेक्षा जास्त काळ स्थानकाला जोडून ठेवत नसत. मुदत भरत आली की नवं यान वर जातं आणि जुनं खाली येतं.

नवं पोचणं आणि जुनं निघणं यांच्यात काही दिवसांचा अवधी असतो. या फटीचा उपयोग रशिया २००१ पासून करत आला आहे. डेनिस टिटो हा पहिला अवकाश-पर्यटक असाच नव्या सोयुझमधून गेला आणि आठवडाभरात जुन्यातून परतला. चित्रपटाच्या दोघांनीही हेच केलं. ते एमएस-१९ मधून गेले आणि ९ एप्रिल २०२१ पासून वर असलेल्या एमएस-१८ मधून १७ ऑक्टोबरला परतले. तोवर एमएस-१८ ला १९१ दिवस झाले होते. म्हणजे ‘अजून एक आठवडा द्या, दोन दृश्यं राहिलीत’ असं म्हणायची सोयच नव्हती. शूटिंगची अंतिम तारीख पटकथेने ठरवलेली नव्हती, ती टाकीतल्या पेरॉक्साइडने ठरवली होती.

आता आसनांचा हिशेब बघू. एमएस-१८ मधून एप्रिलमध्ये तिघे वर गेले होते: ओलेग नोवित्स्की, प्योत्र दुब्रोव आणि नासाचे मार्क व्हँडे हाय. परतीच्या तीन आसनांपैकी दोन पेरेसिल्ड आणि शिपेंको यांना दिली, की नोवित्स्कीसाठी एकच उरतं. त्यामुळे दुब्रोव आणि व्हँडे हाय यांचा मुक्काम जवळजवळ दुप्पट लांबला. ते दोघे ३० मार्च २०२२ रोजी श्काप्लेरोवसोबत एमएस-१९ मधून उतरले, तेव्हा त्यांना सलग ३५५ दिवस झाले होते. एका उड्डाणातल्या सलग मुक्कामाचा तो त्या वेळचा अमेरिकी विक्रम ठरला. दोघांनीही हे समजून-उमजून स्वीकारलं होतं. तरी एवढ्या काळात हाडांची झीज होते, स्नायू क्षीण होतात आणि किरणोत्साराचा डोस वाढत जातो. चित्रपटाच्या खर्चात हेही धरलं पाहिजे असं आम्हाला वाटतं.

आसनं मोकळी होण्यामागे आणखी एक कारण होतं. २०११ ते २०२० या काळात अमेरिकेकडे माणसं नेणारं स्वतःचं यान नव्हतं आणि नासा सोयुझची आसनं विकत घेत होती. शेवटच्या आसनाला तिने सुमारे ९ कोटी डॉलर मोजले. २०२० मध्ये क्रू ड्रॅगन हे अमेरिकी यान माणसं घेऊन उडू लागलं, ही मिळकत आटली, आणि रोसकॉसमॉसला आसनांसाठी दुसरे प्रवासी शोधावे लागले.

आसन बदलायचं म्हणजे साचा हलवायचा

सोयुझच्या आसनात कोणीही जाऊन बसू शकत नाही. प्रत्येकासाठी पाठीच्या मापाचा स्वतंत्र साचा घडवतात. दातांच्या कवळीसाठी माप घेतात तसंच हे काम, फक्त डोक्यापासून कमरेखालपर्यंतचं. पातळ कपड्यांत माणसाला टबमध्ये झोपवून त्याच्याभोवती प्लास्टर ओततात, ते घट्ट झालं की ठसा मिळतो, आणि त्यावरून आसनाचा आतला भाग बनतो. मग सोकोल हा दाबरक्षक पोशाख घालून त्यात बराच वेळ झोपवून बघतात. कुठे टोचलं तर तिथला भाग घासून कमी करतात. डोक्याच्या वर मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते, कारण गुरुत्वाचा दाब नसल्याने कक्षेत पाठीचा कणा लांबतो आणि उंची काही सेंटिमीटरनी वाढते. ही जागा सोडली नाही तर परतताना माणूस स्वतःच्याच आसनात मावणार नाही.

या मेहनतीचं कारण शेवटच्या क्षणात आहे. पॅराशूट असूनही कुपी जमिनीवर दणका देऊनच उतरते. पाठ साच्यात घट्ट बसलेली असली तर तो धक्का सगळ्या पाठीवर विभागला जातो. फट राहिली तर तो एखाद्या मणक्यावर येतो.

त्यामुळे यानांची अदलाबदल करताना पेरेसिल्ड आणि शिपेंको यांचे साचे एमएस-१९ मधून काढून एमएस-१८ मध्ये बसवावे लागले, आणि दुब्रोव व व्हँडे हाय यांचे तिथून काढून इकडे. ज्याचा साचा आणि पोशाख ज्या यानात, ते त्याचं संकटातलं यान, असा स्थानकावरचा नियम आहे. आग लागली, हवा गळू लागली, तर कोणी कुठे धावायचं हे त्यावर ठरतं.

चार महिन्यांत काय शिकवता येतं, काय नाही

नोव्हेंबर २०२० मध्ये नायिकेसाठी खुली निवड जाहीर झाली. सुमारे ३,००० अर्ज आले. वय २५ ते ४५, उंची १५० ते १८० सेंटिमीटर, वजन ५० ते ७० किलो, अशा अटी होत्या. उंची आणि वजनाची अट सौंदर्यासाठी नव्हती. कुपीची आतली जागा आणि आसनाचे शॉक अॅब्झॉर्बर यांच्या मर्यादा ओलांडणारं शरीर त्यात नेताच येत नाही. मे २०२१ मध्ये पेरेसिल्ड आणि शिपेंको यांची नावं जाहीर झाली. राखीव म्हणून अभिनेत्री अल्योना मोर्दोविना आणि कॅमेरामन अलेक्सेई दुदिन हेही सोबत शिकत होते.

प्रशिक्षण मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रात झालं. गगनयानसाठी निवडलेले भारतीय हवाई दलाचे चार वैमानिक फेब्रुवारी २०२० ते मार्च २०२१ या काळात इथेच शिकत होते. ते बाहेर पडल्यावर दोनेक महिन्यांत ही मंडळी आत शिरली. मोहिमेवर जाणाऱ्या अंतराळवीराची तयारी वर्षानुवर्षं चालते. यांना मिळाले चार महिने.

चार महिन्यांत एवढं नक्की शिकवता येतं: सोकोल पोशाख घालणं आणि त्याची गळती तपासणं, आसनाचे पट्टे, शौचालय आणि अन्न, संपर्काची शिस्त, आणि आग, हवेची गळती किंवा विषारी वायू यांपैकी काही झालं तर करायच्या हालचाली. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून शरीराला वाढीव भाराची सवय लावतात. इल्युशिन-७६ विमान कमानीसारख्या मार्गाने उडवून दर वेळी सुमारे २५ सेकंदांची भारहीनता देतात. अभिनयाच्या दृष्टीने या २५ सेकंदांचा उपयोग मर्यादितच, कारण शरीर स्थिरावेपर्यंत ती संपतात.

यान चालवणं चार महिन्यांत शिकवता येत नाही. सोयुझच्या रचनेत कमांडरच्या शेजारी फ्लाइट इंजिनिअर बसतो. तो कार्यपुस्तिका वाचतो, दाब-तापमान बघतो, आज्ञा टाइप करतो. ते काम करणारा प्रशिक्षित माणूस या उड्डाणात नव्हता, म्हणून श्काप्लेरोवने एकट्याने यान हाताळण्याचा खास सराव केला होता. तो लगेच कामी आला. दोन प्रदक्षिणांच्या जलद मार्गाने यान स्थानकाजवळ पोचलं आणि ‘कुर्स’ या स्वयंचलित जोडणी-यंत्रणेत अडचण आली. श्काप्लेरोवने दोन्ही हातांतल्या दांड्यांनी यान स्वतः चालवत रासव्हेत या भागाला जोडलं. ठरल्या वेळेपेक्षा फक्त दहा मिनिटं उशीर झाला. या सगळ्या मोहिमेतलं कौशल्याचं सर्वात शुद्ध काम कोणतं असं विचारलं तर आम्ही याकडेच बोट दाखवू.

स्थानकावर कॅमेरा

शिपेंको वर दिग्दर्शक, छायालेखक, प्रकाशयोजनाकार आणि ध्वनिमुद्रक असं सगळंच होता. पेरेसिल्ड स्वतःचा मेकअप स्वतः करत होती. दिवे धरायला, दोर बांधायला आणि पडद्यावर दिसायलाही अंतराळवीरच मदतीला होते. त्या दिवसांत स्थानकावर एकूण दहा माणसं होती आणि त्यांची रोजची कामं, दोन-अडीच तासांचा सक्तीचा व्यायाम, देखभाल हे सगळं चालूच होतं.

कॅमेऱ्याला वजन नसतं, पण वस्तुमान असतंच. पाच किलोचा कॅमेरा बोटाने ढकलला की निघतो, आणि तो थांबवायला जमिनीवर लागेल तेवढाच जोर लागतो. शिवाय कॅमेरा उजवीकडे वळवला की कॅमेरामन डावीकडे वळतो. म्हणून पायांची बोटं भिंतीवरच्या दांडीखाली अडकवून स्वतःला आधी पक्कं करावं लागतं. तिपाई निरुपयोगी ठरते. ट्रॉली आणि क्रेनची मात्र गरजच उरत नाही, हलक्या ढकलण्याने कॅमेरा पूर्ण दालनातून सरळ तरंगत जातो. फोकस सांभाळणं जड जातं, कारण नट जागेवर उभा राहत नाही. हवेच्या झोताने तो सेंटिमीटर-सेंटिमीटर सरकत असतो. दृश्यातल्या वस्तू वेल्क्रोने चिकटवल्या नाहीत तर पुढच्या टेकला त्या सापडतात हवा शोषणाऱ्या जाळीवर.

हेच झोत ध्वनीचे शत्रू. स्थानकात पंखे अखंड घुमत असतात आणि संवादाच्या मुद्रणात तो आवाज येतोच. दोन मिनिटं बंद ठेवावेत म्हटलं तर तेही धोक्याचं. भारहीन अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे हवा आपोआप फिरत नाही. पंखा थांबला की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चेहऱ्याभोवतीच साचतो, आणि चार माणसं एका कोपऱ्यात दाटीने काम करत असतील तर डोकेदुखी लवकर सुरू होते. दिव्यांचंही तसंच. त्यांची उष्णता त्यांच्याभोवतीच कोंडते, म्हणून कमी तापणारे एलईडी दिवे वापरणं श्रेयस्कर.

खिडकीजवळचं दृश्य घ्यायचं तर घड्याळ हातात ठेवावं लागतं. स्थानक साधारण ९३ मिनिटांत एक प्रदक्षिणा करतं, म्हणजे दिवसाकाठी सोळाएक सूर्योदय. खिडकीत उजेड आहे असं धरून संवाद सुरू करावा आणि तो संपेपर्यंत बाहेर काळोख. उन्हातली पृथ्वी इतकी प्रखर दिसते की तिच्यासाठी एक्स्पोजर लावलं तर आतला चेहरा काळा पडतो.

सामान निवडतानाही बंधनं असतात. लिथियम बॅटरी तपासून मंजूर झालेलीच हवी. पेट घेणारं कापड चालत नाही. काच फुटली तर तिचे कण तरंगत डोळ्यांत आणि फुप्फुसांत जातात, म्हणून ती बंदिस्त हवी. स्प्रे आणि अल्कोहोलयुक्त प्रसाधनं टाळतात, कारण त्यांची वाफ हवा-पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत अडकते. रशियन भागात वीज २८ व्होल्ट डीसी असते, त्यामुळे पृथ्वीवरचं उपकरण सरळ जोडता येत नाही. वैश्विक किरणांनी कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे बिंदू मरतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर ठिपके दिसू लागतात.

अभिनेत्रीच्या चेहऱ्याचं काय होतं हे सांगायलाच हवं. भारहीन होताच पायांतला द्रव वर सरकतो. चेहरा सुजतो, नाक चोंदतं, डोळ्यांखालचा भाग भरून येतो. पहिले दोन-तीन दिवस निम्म्याहून अधिक प्रवाशांना मळमळ होते. आणि रडायचं दृश्य असेल तर अश्रू ओघळत नाहीत. पाणी डोळ्यावरच फुगा होऊन बसतं, वाढत जातं आणि नाकावरून दुसऱ्या डोळ्याकडे सरकतं. गालावरून थेंब ओघळवण्याची सवय असलेल्या नटीला दुःख दाखवण्याची दुसरी रीत शोधावी लागते.

कथेतली शस्त्रक्रिया

कथानक असं: स्थानकावर एक अंतराळवीर गंभीर जखमी होतो, त्या अवस्थेत त्याला पृथ्वीवर आणणं शक्य नसतं, म्हणून महिनाभराच्या तयारीवर एका महिला शल्यचिकित्सकाला वर पाठवतात. जखमी अंतराळवीराची भूमिका नोवित्स्कीनेच केली आहे.

महिनाभराची तयारी ही कल्पना, पण मूळ अडचण खरी आहे. स्थानकावर कोणी आजारी पडलं तर उपाय म्हणजे त्याला खाली आणणं, आणि यान सुटल्यापासून साडेतीन तासांच्या आत ते जमतं. पण परतताना शरीरावर वजनाच्या चार-पाच पट भार येतो. कुपी तिरक्या मार्गाऐवजी बॅलिस्टिक, म्हणजे जास्त तीव्र उताराच्या मार्गाने आली तर आठ-नऊ पट. छातीला जखम झालेल्याला हे झेपणार नाही.

वर शस्त्रक्रिया करायची तर रोगी आणि डॉक्टर दोघांनाही बांधून घ्यावं लागतं, नाहीतर छातीवर दिलेला दाब डॉक्टरलाच मागे ढकलतो. सलाइन गुरुत्वाने उतरत नाही, पंप लागतो, आणि द्रवातले बुडबुडे वर न जाता त्यातच मिसळून राहतात. रक्त वाहून जात नाही, पृष्ठताणाने जखमेवरच घुमटासारखं साचतं. धमनीतून सुटलेलं रक्त थेंबाथेंबांनी दालनभर पसरतं. भूल देणारा वायू बंद हवेत सगळ्यांनाच मिळेल, म्हणून भूल शिरेतूनच द्यावी लागते.

परतीच्या दोन दिवस आधी

१५ ऑक्टोबरला नोवित्स्की एमएस-१८ चे थ्रस्टर तपासत होता. चाचणीची वेळ संपूनही ते चालूच राहिले आणि त्यांच्या रेट्याने जवळपास सव्वाचारशे टनांचं स्थानक ५७ अंशांनी फिरलं. दिशा चुकली की सौरपंख्यांचं सूर्याकडचं आणि अँटेनांचं पृथ्वीकडचं तोंड सुटतं, म्हणून हे गंभीर मानतात. अर्ध्या तासात दिशा पूर्ववत झाली. जुलैमध्ये नाउका हा नवा भाग जोडल्यावरही त्याच्या थ्रस्टरनी असंच स्थानक फिरवलं होतं. ज्या यानाने हे केलं त्याच यानातून दोन दिवसांनी परतायचं होतं, आणि पर्यायी यान नव्हतं.

१७ ऑक्टोबरला यान नाउकापासून सुटलं. पुढचा क्रम ठरलेला असतो. इंजिन सुमारे पावणेपाच मिनिटं उलट दिशेने चालवून वेग सेकंदाला साधारण १३० मीटरने कमी करायचा, तिन्ही भाग वेगळे करायचे, वातावरणातून तापत उतरायचं, दहाएक किलोमीटर उंचीवर मुख्य पॅराशूट उघडायचं, आणि जमीन मीटरभरावर आली की धक्का कमी करणारी रॉकेटं पेटायची. भारतीय वेळेनुसार सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी कुपी झेझ्काझगानच्या आग्नेयेला गवताळ पठारावर उतरली. मदत पथकासोबत कॅमेरेही होते, कारण हे उतरणंसुद्धा चित्रपटाचाच भाग होता.

चित्रपट बघताना काही गोष्टींवर नजर ठेवा. बोलताना नटांची पावलं कुठल्या दांडीखाली अडकलेली आहेत. मोकळे केस कुठल्या दिशेला पसरतात. कापडाची घडी खाली न पडता कशी फुगलेली राहते. तारांवर लोंबकळत घेतलेल्या दृश्यात कमरेवर ओढ जाणवते, मानेचे स्नायू ताठ असतात आणि हात नकळत खाली येतात. कक्षेत सैल सोडलेले हात आपोआप छातीसमोर वर येऊन थांबतात, आणि असा सैलपणा तारांवर लोंबकळणाऱ्या नटाला फार वेळ टिकवता येत नाही.